कुलपाशी हाडवैर

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात प्राणिशास्त्राची जेवढी पुस्तकं होती, त्या सगळ्यांत एक चित्र झाकलेलं असे. पेशीच्या पडद्यावर बसलेला रिसेप्टर म्हणजे कुलूप, बाहेरून येणारं रसायन म्हणजे किल्ली. किल्ली बसली की दार उघडलं आणि पेशीला निरोप मिळाला, असं ते चित्र. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर लाल शाईनं लिहिलं होतं, 'हे चित्र स्थिर आहे, म्हणून खोटं आहे.' ग्रंथपालानं तक्रार केली. प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. सर गेले, अर्धा तास बोलले आणि येताना प्राचार्यांच्या टेबलावरच्या पुस्तकातही पट्टी लावून आले.

"कुलूप कधी नाचते का बे?" हा त्यांचा वर्गातला पहिला प्रश्न असे. पोरं म्हणत, "नाई सर." "मंग रिसेप्टर कुलूप कसा? तो नाचते, डुलते, वाकते, तवाच त्याचं काम होते. किल्ली त्याले उघडत नाई. ते येते, आन् नाचाचा ताल बदलते. लिहून घ्या." पोरं लिहून घेत. परीक्षेत मात्र कुलूप-किल्लीच लिहीत, कारण पेपर तपासणारे बाहेरचे असत आणि त्यांना कुलपाचं काही वावडं नसे.

सर स्वतःही कधी स्थिर उभे राहिले नाहीत. उंच, वाळकी शरीरयष्टी, ढगळ पँट, आणि कमरेपासून वरचा भाग सतत पुढं-मागं. त्यांना आम्ही 'झुलते सर' म्हणत असू. गावातला न्हावी त्यांची दाढी करायला नाखूश असे. खुर्चीत बसले तरी ते डोलत, त्यामुळे त्यांच्या मिशीची एक बाजू दुसरीपेक्षा कायम आखूड. न्हावी म्हणे, "सर, एक मिनिट थांबा ना जी, कान कापंल." सर म्हणत, "तुह्या हातालेच हलता येत नाई नीट." शेवटी त्यानं कान कापलाच. सरांनी कानाला कापूस लावून त्याच दिवशी दुपारचा तास घेतला.

प्राचार्यांचे वडील गेले तेव्हा सभागृहात दोन मिनिटं मौन होतं. दीडशे माणसं खाली मान घालून उभी, आणि मधोमध सर झुलताहेत. बाहेर आल्यावर प्राचार्य म्हणाले, "सर, दोन मिनिटं तरी!" सरांनी शांतपणे उत्तर दिलं, "मी थांबलो तरी आतले रेणू कुठी थांबते? तेयी थांबले, तं माह्यासाठीच उभं राहावं लागंन तुमाले." प्राचार्यांनी नंतर कितीतरी महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. सरांना ते कळलंच नाही.

मी त्यांचा आधी विद्यार्थी, मग त्याच विभागात तासिका तत्त्वावर, मग कायम. एवढी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढल्यामुळे मला त्यांची नक्कल उत्तम जमायची. स्टाफरूममध्ये माझ्या नकलेला मागणी असे. मी उभा राहून डोलायचो, नाकात बोलून "कुलूप कधी नाचते का बे?" म्हणायचो, आणि इतिहासाच्या मॅडमना चहा पिताना ठसका लागायचा. सरांनी एकदा दारातून नक्कल पाहिली. मला वाटलं आता संपलं. ते म्हणाले, "तू डावीकडून उजवीकडं डोलतो. मी पुढून मागं डोलतो. निरीक्षण कच्चं आहे." आणि निघून गेले.

या माणसानं दूरच्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं घालवली होती, आणि ती कशावर, तर एका झाकणावर. मज्जातंतूचं टोक स्नायूला भिडतं, तिथं स्नायूवर एक रिसेप्टर असतो. पाच प्रथिनं गोलाकार उभी राहून तो बनतो. मेंदूचा हुकूम घेऊन एक रसायन येतं, रिसेप्टरच्या खोबणीत बसतं, आणि खोबणीवरचं इवलंसं झाकण खाली मिटतं. झाकण मिटलं की पाचही प्रथिनांना पीळ पडतो, मधली वाट उघडते आणि स्नायू आखडतो. आपण डोळ्याची पापणी उचलतो किंवा छाती फुगवून श्वास घेतो, ते या झाकणाच्या जिवावर. ते झाकण किती वाकतं, एवढंच सरांनी अकरा वर्षं मोजलं. मग आई आजारी म्हणून नागभीडजवळच्या आपल्या गावी आले, आमच्या कॉलेजात चिकटले आणि परत गेले नाहीत. आमच्याकडे तेव्हा चार सूक्ष्मदर्शक होते, त्यांतल्या तीनांच्या भिंगांना बुरशी होती. चौथा प्राचार्यांच्या कपाटात, पाहुण्यांना दाखवायला.

उपकरणं नाहीत म्हटल्यावर सरांनी विद्यार्थीच वापरायला काढले. सात पोरं मैदानावर गोल उभी करायची. एका जातीचा रिसेप्टर असा असतो की त्याचा धागा पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जातो, म्हणून सात. आठवा पोरगा बाहेरून पळत येऊन मधे घुसायचा. तो घुसला की पाचव्या-सहाव्यानं पाय बाहेर टाकायचा आणि त्या फटीतून नववा आत शिरायचा. तो म्हणजे पुढे निरोप नेणारा. पोरापोरींनी हात धरायचे म्हटल्यावर पालक कॉलेजात आले. मग सरांनी मधे दुपट्टे दिले. दुपट्टा ओढला जाऊन एकदा सहावा पोरगा तोंडावर पडला आणि त्याचा दात हलला. सर म्हणाले, "हलला ना? तेच सांगून राह्यलो."

पुढं एटापल्लीकडची एक मुलगी वर्गात आली. तिनं सांगितलं, "सर, आमच्या रेला नाचात अशीच लाईन असते. एका टोकानं पाय मुडपला का दुसऱ्या टोकाले समजते." सरांचे डोळे चमकले. रसायन बसतं एका टोकाला आणि दार उघडतं दुसऱ्या टोकाला, हे त्यांना आयुष्यभर कुणाला समजावता आलं नव्हतं. त्यांनी त्या मुलीकडून रेला शिकायला घेतला. कमरेत हात गुंफून एकवीस पोरं, मधे सर, आणि सरांचा पाय नेमका उलटा. नेमकी त्याच आठवड्यात कॉलेज तपासणारी समिती आली. मैदानात हा नाच चाललेला पाहून समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "हा सांस्कृतिक विभाग का?" प्राचार्य घाईनं हो म्हणाले. अहवालात आदिवासी कलेच्या जतनाबद्दल कॉलेजचं खास कौतुक आलं आणि प्राणिशास्त्र विभागाला 'अध्यापनात नावीन्याचा अभाव' असा शेरा मिळाला. सरांनी तो शेरा फ्रेम करून विभागात लावला.

हल्ली ते निवृत्त होऊन गावीच असतात. पाठ्यपुस्तक मंडळाला कुलपाविरुद्ध दर महिन्याला एक पत्र लिहितात. मंडळाकडून पोच येते, चित्र तेच राहतं.

आता पारबताबाईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच मला सरांची नक्कल करणं सोडावं लागलं. पारबताबाई ढिवराची. नवरा-बायको दोघं गावतलावात मासे धरत, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मजुरीला जात. प्रात्यक्षिकासाठी लागणाऱ्या मासोळ्या ती टोपलीत घेऊन यायची, आणि आमची काचेची भांडी धुऊन द्यायची. मासोळ्या घ्यायला कुणी येईपर्यंत दारात टोपली टेकवून उभी राहायची आणि सरांचा तास ऐकायची. "या बाईला काय डोंबल समजतं," असं मी एकदा सरांना म्हणालो होतो. सर म्हणाले, "तुले समजते का?" मी विषय बदलला.

त्या दिवशी आषाढातली सकाळ होती. कॉलेजच्या कुंपणामागच्या बांधीत रोवणं चाललं होतं. दहाच्या सुमारास आरडाओरडा झाला आणि सात-आठ माणसं पारबताबाईला खाटेवर घालून थेट आमच्या प्रयोगशाळेत आली. सरकारी दवाखाना दोन किलोमीटरवर. पण माणसं तिकडं गेली नाहीत. आमच्या कपाटात बरणीत एक नाग होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"सर, मोठा नाग होता जी, बांधीच्या धुऱ्यावरून उतरला," तिचा नवरा हात जोडून म्हणाला. "तुमच्याजवळ नाग हाये, तं त्याचा उताराबी असनच. द्या ना जी लवकर."

त्यांचं गणित सरळ होतं. एवढी वर्षं हा माणूस साप बाळगून बसलाय, तो काय उताऱ्याशिवाय? सरांनी बरणीकडे पाहिलं. त्यातला नाग पंधरा वर्षांपूर्वी मेलेला, रंग उडालेला, शेपटीकडून सुटत चाललेला. मग ते खाटेवर वाकले. पारबताबाईचा पाय सुजला होता, तोंडातून लाळ गळत होती, पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. ती उघडायचा प्रयत्न करत होती, उघडत नव्हत्या.

"पाह्य बे! पापण्या पाह्य!" सर मला म्हणाले. "झाकण अडकलं!"

त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. मला त्या माणसाची किळस आली. बाईचा जीव जातोय, आणि याला स्वतःचा प्रबंध दिसतोय. अकरा वर्षं ज्या झाकणाची मोजमापं घेतली, ते समोर खाटेवर अडकलेलं पाहायला मिळालं म्हणून गडी खूश. पुढच्या क्षणी ते म्हणाले, "गाडी काढ. इथी काई नाई. सरकारी दवाखान्यात चल."

गाडी माझी होती, नवी, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. पारबताबाई गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली. सीटला चिखल लागेल, असं माझ्या मनात आलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. सापाच्या विषावरची लस चढवली. पण तोवर तिचा श्वास वरवरचा झाला होता. त्यांनी घशात नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली, आणि सांगितलं की छातीचे स्नायू थकत चाललेत, लस काम करेपर्यंत श्वास बाहेरून द्यावा लागेल, आणि त्याचं यंत्र चंद्रपूरला आहे. तोवर ही पिशवी हातानं दाबत राहायची. पिशवी दाबली की श्वास आत, सोडली की बाहेर. थांबायचं नाही. रुग्णवाहिकेत एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना सलाइन, नाडी, फोन सगळं बघायचं होतं. नवरा पुढं ड्रायव्हरजवळ बसला. मागे पिशवीला सर आणि मी, आळीपाळीनं.

पहिला अर्धा तास सरांनी दाबली. पुढं पाळी माझी. पिशवी माझ्या हातात आल्यावर सर पारबताबाईच्या कानाशी वाकले आणि त्यांनी लेक्चर सुरू केलं. खरंच सांगतो, लेक्चर. "पारबताबाई, भेव नका. तुमच्या स्नायूवर पाच जण गोल उभे आहे. त्यायच्या खोबणीवर झाकण आहे. ते झाकण मिटाले पायजे. नागाचं विष मधात घुसलं, जसं दारात कोणाची चप्पल अडकावी. म्हणून झाकण मिटून नाई राह्यलं. तुटलं नाई, समजलं का? अडकलं फक्त. दवा चप्पल ओढून काढंन, मंग झाकण हलंन. तोवरी श्वास आमी घेऊन देतो. तुमी फक्त थांबा."

मग पहिल्यापासून पुन्हा. सिंदेवाही गेलं, जंगल लागलं, सर बोलतच होते. आपल्या कुलूप-किल्लीच्या रागासकट सगळं त्या बाईला सांगून झालं. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडं पाहून भुवया उंचावल्या. मीही खांदे उडवले. बाईचे डोळे बंद, हात बाजूला लोंबत होता, गाडीच्या हिसक्यानं इकडून तिकडं जायचा. बोटाचं एक टोकही ती हलवत नव्हती. आणि हा माणूस मेलेल्या कानात प्राणिशास्त्र ओततोय.

मूल ओलांडल्यावर माझे अंगठे आखडले. कोपरापासून खाली हात आपला वाटेना. डॉक्टरीणबाई ऑक्सिजनचं सिलिंडर बदलायला पाठमोऱ्या झाल्या होत्या. मी पारबताबाईच्या तोंडाकडं पाहिलं. राखाडी, ओठ कोरडे. "गेली हो सर ही," मी म्हणालो. "कशाला उगाच. मेलेल्या माणसाला हवा भरतोय आपण." आणि मी पिशवीवरचा हात काढला.

सरांचं वाक्य चालू होतं, ते पूर्ण व्हायला वेळ लागला. मग त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, जोरात, शाळेतल्या पोराला मारतात तशी, आणि पिशवी हिसकून घेतली.

"गेली नाई. थांबवलेली आहे," ते दाबत दाबत म्हणाले. "एवढा फरक समजत नाई, तं पास कसा झाला बे तू माह्या हाताखाली? आन् हळू बोल. विष हालचाल थांबवते. कानाले हात लावत नाई."

पुढचा सगळा रस्ता त्यांनी एकट्यानं दाबली. मी मागितली, त्यांनी दिली नाही.

चंद्रपूरला यंत्र मिळालं. तिसऱ्या दिवशी पारबताबाईच्या पापण्या उघडल्या, चौथ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. गावात सरांचं नाव झालं. आता बरणीतल्या नागाला कुणी कुणी नारळ ठेवू लागलं. सर ते नारळ फोडून विभागात सगळ्यांना वाटायचे.

महिन्याभरानं ती परत आली, टोपली घेऊन. पाय जरा ओढत होती. सरांनी तिला दारात उभं राहू दिलं नाही. स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, वही उघडली आणि तोंडी परीक्षा सुरू केली. मी कपाटाजवळ जाऊन उगाच बाटल्या पुसू लागलो.

"गाडीत आयकू येत होतं का?"

"येत होतं ना जी. सारं येत होतं. डोळे उघडत नोते, बस. मले वाटे ओरडाव, पन तोंडच नोतं मले."

"काय आयकू आलं?"

"तुमचंच. रस्ताभर तुमीच होते. चपलीचं सांगतलं, झाकनाचं सांगतलं. दोनदा सांगतलं." तिनं जरा विचार केला. "सर, एक इचारू का?"

"विचारा, विचारा."

"तुमी पोरायले मैदानात सात जन उभे करता. मी दारातून पाह्यतो ना. आन् गाडीत मले पाचच सांगतले. दोन कमी काऊन?"

सरांच्या हातातलं पेन खाली पडलं. रिसेप्टरच्या दोन वेगळ्या जाती, एकीत सात, दुसरीत पाच, हा फरक त्यांनी एवढी वर्षं फळ्यावर लिहिला होता आणि एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. सर्वांदेखत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्या दिवसाचे सगळे तास रद्द केले, आणि पारबताबाईला दीड तास दोन्ही जाती समजावून सांगितल्या. टोपलीतल्या मासोळ्या तोवर मरून गेल्या.

मला मात्र हायसं वाटलं. तिनं सरांचं सगळं सांगितलं होतं, माझं काहीच नाही. म्हणजे तेवढ्या वेळापुरती ती बेशुद्ध असणार, अशी मी मनाची समजूत घातली. आठवडाभरात मी स्टाफरूममध्ये त्या प्रवासाची गोष्ट सांगू लागलो. दोन आठवड्यांत ती गोष्ट चांगली घोटली गेली. तीत माझे अंगठे सुजायचे, पण मी पिशवी सोडायचो नाही.

प्राचार्यांनी आमचा सत्कार ठरवला. त्यांना वर्तमानपत्रात फोटो हवा होता. शाल, श्रीफळ, मंचावर पाहुणे, आणि पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून पारबताबाई आणि तिचा नवरा. फोटोग्राफर सरांना म्हणाला, "सर, जरा स्थिर उभे राहा." फोटो हललेलाच आला. सरांना बोलायला पाच मिनिटं दिली होती. ते चाळीस मिनिटं झाकणावर बोलले. बाई वाचली, हा मुद्दा त्यात आलाच नाही. प्राचार्यांनी तीन चिठ्ठ्या पाठवल्या. तिन्ही त्यांनी खिशात घातल्या.

मग मी उठलो. मी चांगलं बोलतो. बाईचा लोंबणारा हात, जंगलातला रस्ता, आखडलेले अंगठे, सगळं आणलं. "मिनिटाला वीस वेळा पिशवी दाबत होतो," मी म्हणालो, "आणि मनाशी एकच ठरवलं होतं, माझा हात थांबणार नाही." टाळ्या पडल्या. इतिहासाच्या मॅडमनी डोळे पुसले. पारबताबाईनंही टाळ्या वाजवल्या, इतरांबरोबर सुरू केल्या आणि इतरांबरोबर थांबवल्या.

खाली बसल्यावर सर माझ्याकडे वाकले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "वीस नाई. दहा-बारा. वीस वेळा दाबली तं छाती फुगूनच राहते. लोकांसमोर चुकीचा आकडा सांगत जाऊ नको." एवढंच. त्या चापटीबद्दल ते कधीच बोलले नाहीत, ना तेव्हा, ना नंतर. त्यांनी मला वाचवलं की त्यांना ते सांगण्याजोगं वाटलंच नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मला वाटतं, दुसरंच खरं असावं, आणि तेच मला जास्त लागतं.

कार्यक्रम संपला. मांडवाबाहेर ऊन तापलं होतं. पारबताबाई एकटी उभी होती, नवरा सायकल आणायला गेला होता. मी तिच्याजवळ गेलो, तब्येत विचारली. ती म्हणाली बरी आहे, पाय दुखतो अधूनमधून. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊ, तुमी गाडीत हात काढला ना, तवा मी मोजाले लागली."

मी खांद्यावरची शाल उगाच सारखी करू लागलो.

"हवा नोती ना. मंग काय कराव? डोळे उघडत नोते, हात हलत नोता. मोजनंच होतं. नवापरेंत आली होती. दहा म्हनाच्या आंदी सरनं तुमाले मारलं, मंग आली हवा."

"सरांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सरनं लेक्चरचंच इचारलं. ते पाचचं आन् सातचं."

मला मांडवात परत जावंसं वाटेना आणि तिच्यासमोर उभंही राहवेना. दुसरं काही सुचेना म्हणून मी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि तिच्यापुढं धरली. "ही तुम्ही घ्या, पारबताबाई. ही तुमचीच आहे."

तिनं शालीचा काठ बोटानं चाचपून पाहिला, कापड चांगलं आहे का ते पाहावं तसं. मग हात मागं घेतला.

"मले काऊन?" ती म्हणाली. "मी तं नुसती पडून होती."